सत्यशीलाची वाकळ

निकिता, मोबाईल ठेव बाजूला. कणीस जळायलंय. हां, आता काढ, हातावर चोळ, फुंकर मार आन् गरम हाय तवरच तोंडात टाक. निवलेल्या हुरड्यात मजा न्हाई.

मघा काय दाखवायली होतीस? इटलीतला नाताळ. बघितला की मी. डोंगरातलं गाव, लाकडाच्या टपऱ्या, दिव्यांच्या माळा, आन् मधी उभी राहून तुझी मैत्रीण कपातून वाफाळलेलं काहीतरी प्यायलीय. तिचे फोटो बघितल्यापासून तुझं तोंड एवढंसं झालंय. आगटीच्या उजेडात सगळं दिसतं, बाळा. तुझा आजा म्हातारा झालाय, आंधळा न्हाई.

त्यात लाजायचं काही न्हाई. पण त्याच मुलखात, तसल्याच बाजारात, आपल्या देवगाव फाट्याकडली एक बाई नाताळाला जाऊन आली. तिचं बी तोंड असंच झालं होतं. हरिओम, तू बी जवळ ये. पाठ अंधाराकडं करून बसू नको.

ही मी इकडून तिकडून ऐकलेली गोष्ट न्हाई. मनिषा माझ्या चुलतबहिणीची लेक. मला आबामामा म्हणती. जे झालं ते तिनं मला समोर बसून सांगितलं, आन् सांगताना एकदा बी माझ्याकडं बघितलं न्हाई.

काम तसं साधंच होतं. एक वाकळ पोचवायची होती.

फाट्याच्या आत दत्तराव म्हणून माणूस हाय. बागायती रान, स्लॅबचं घर, गावात चांगलं नाव. त्यायची पहिली बायको सत्यशीला. त्यायला एकच लेक, जीवन. जीवननं डेअरीचा डिप्लोमा केला आन् एका पंजाबी दोस्ताच्या नादानं इटलीत गेला. तिथं डोंगरात एक गाव हाय, त्या गावाबाहेर गाईंचा मोठा गोठा, तिथं कामाला लागला. दूध काढायचं, चीज करायचं. चीज म्हणजे कसलं, आपल्या जात्याएवढी चाकं!

एका हिवाळ्यात त्यानं आईला फोनवर बर्फ दाखवला. दारापासून गोठ्यापर्यंत सगळं पांढरं. पोरगं हसायलं होतं, पण माय काही हसली न्हाई. म्हणली, "लेकरू गारठलं असंल." दुसऱ्या दिवशी पेटीतली आपली पातळं काढली आन् वाकळ शिवायला घेतली. लग्नातला हिरवा शालू फाडला. जीवनच्या बारशाचं डाळिंबी पातळ फाडलं. टाके एवढे बारीक की बोट फिरवलं तर कापड हाय का कातडं ते कळू नये. कुणी म्हणलं, "पार्सल करून धाडा की." तर तिनं ऐकलं न्हाई. "मीच घेऊन जाईन. माझ्या हातानं त्याच्या अंगावर टाकीन." त्यापायी पासपोर्ट काढला बाईनं. फोटोवाल्यानं डोईवरचा पदर मागं घ्या म्हणलं म्हणून दिवसभर रुसून बसली होती.

वाकळ झाली आन् दिवाळीच्या तोंडावर तिला ताप भरला. असली हुडहुडी की खाट हालायची. घरातली सगळी पांघरुणं टाकली तरी थंडी जाईना. शेवटी दत्तरावनं पेटीतून ती वाकळ काढली. तिनं हातानं ढकलून दिली. म्हणली, "ती जीवनची हाय. जुनी करू नका."

कुडकुडतच गेली ती.

जीवनला येता आलं न्हाई. त्याचे तिथले कागद अडकलेले होते, एकदा निघाला असता तर परत जाता आलं नसतं. आईची चिता त्यानं फोनवर बघितली.

वर्ष उलटल्यावर दत्तरावनं मनिषासंगं लगीन केलं. मनिषाला पहिल्या घरून सोडून दिलेलं होतं, भावाच्या दारात उगी पडून होती बिचारी. हे नीट ऐका, मनिषा वाईट बाई न्हाई. ती त्या घरात आली ती दोन्ही हातांनी काम करत आली. पण त्या घरात जागाच न्हवती तिला. डब्याला हात लावला तर सत्यशीलाचा डबा. तव्याला हात लावला तर सत्यशीलाचा तवा. गावातल्या बाया यायच्या, तिच्या हातचा चहा प्यायच्या आन् म्हणायच्या, "सत्यशीलाबाई आलं घालायची." एकदा जेवताना दत्तराव बोलून गेला, "सत्यशीला, मीठ दे गं." त्याला कळलं बी न्हाई. मनिषानं मीठ वाढलं. 

मला म्हणली, "आबामामा, जिती सवत असती तर भांडले असते. मेलेलीशी कसं भांडू?"

मग दोन हजार चोवीसच्या हिवाळ्यात जीवननं दोघांची तिकिटं काढली. नाताळाला या म्हणला. "बाबा, इकडचा नाताळ बघण्यासारखा असतो. आन् येताना आईची वाकळ तेवढी आणा."

मनिषाला लय हौस. आजवर औरंगाबादच्या पलीकडं गेलेली न्हवती. तिनं शेंगदाण्याचे लाडू केले, कारळाची चटणी कुटली, धपाटे केले. जीवनला तिच्या हातचं काहीतरी खाऊ घालायचं होतं तिला. निघायच्या आदल्या दिवशी दत्तरावनं बॅगा काट्याला लावल्या. वजन जास्त भरलं. वाकळच निम्मी बॅग खात होती. दत्तरावनं वाकळेला हात लावला न्हाई. लाडवाचा डबा काढला, चटणी काढली, धपाटे काढले, आन् सगळं भिंतीला लावून ठेवलं.

"तिथं सगळं मिळतं," म्हणला.

"वाकळा बी मिळत असतील की तिथं," मनिषा म्हणली.

दत्तरावनं तिच्याकडं असं बघितलं की ती आत निघून गेली.

बरं. गेले दोघं. आता तिथलं वर्णन मी काय करणार, मी काही बघितलं न्हाई, मनिषानं सांगितलं तेच सांगतो. डोंगराच्या माथ्यावर दगडी गाव, वर एक जुनी गढी, गढीला लागून चर्च. खाली सगळं चेस्टनटच्या झाडांचं रान. ओढ्याचं पाणी वरून गोठलेलं, खालून वाहायलंय. सकाळी धुकं खाली राहायचं आन् गाव वर, जणू पाण्यातून डोकं काढलंय. जीवननं त्यांना सगळीकडं फिरवलं. चौकात नाताळाचा बाजार भरला होता. टपऱ्यांवर मध, चीज, लाकडाची खेळणी, मेणबत्त्या. एक म्हातारा भोकं पाडलेल्या लांब दांड्याच्या तव्यात चेस्टनट भाजायला होता, आपल्याकडं फुटाणे भाजतात तसं. टरफल काढलं की आत उकडलेल्या रताळ्यासारखं. आन् पानेत्तोने म्हणून एक उंच फुगीर गोड पाव, त्यात मनुका, संत्र्याची साल. घरोघरी तोच. मक्याच्या पिठाचं काहीतरी शिजवायचे, थेट आपल्या कण्या. मनिषा माळकरी, तिला मटणबिटण चालत न्हाई, ती त्या कण्या आन् दूध खायची.

म्हणजे सगळं कसं छान होतं. पण तिच्या घशाखाली काही उतरायचं न्हाई.

कारण पोचल्या रात्रीच जीवननं वाकळ काढली, तोंडाला लावली आन् लहान लेकरासारखा रडला. दत्तराव त्याला एकेक तुकडा दाखवायला लागला. "हा शालू. हे तुझ्या बारशाचं. हे तुझ्या मामानं घेतलेलं." बापलेक अर्ध्या रात्रीपर्यंत बसले. मनिषा कोपऱ्यातल्या खुर्चीत. तिनं अंगावरची शाल बी सोडली न्हवती. तिला कुणी जवळ ये म्हणलं न्हाई आन् झोप बी म्हणलं न्हाई. बाजारात गेलं तरी तेच. जीवन मधाची बाटली उचलायचा आन् म्हणायचा, "आईला हे आवडलं असतं." गढीवर चढायचा आन् म्हणायचा, "आई इथं बसली असती." तिकीट मनिषाचं, पाय मनिषाचे दुखायले, आन् इटली बघायली कोण? सत्यशीला.

गोठ्याच्या मालकाची एक म्हातारी आई होती. पिएरीना तिचं नाव. जीवनवर लय जीव. तिनं ती वाकळ बघितली आन् हात जोडले. त्या गावात नाताळाच्या आदल्या रात्री येशूच्या जन्माचा देखावा करतात. बाहुल्यांचा न्हाई, जित्या माणसांचा. कुणी लोहार होतं, कुणी मेंढपाळ, कुणी भाकऱ्या भाजणारी बाई. जुन्या गोठ्यांमधून दिवे लावून सगळे उभे राहतात आन् लोक एकेक गोठा बघत जातात. शेवटच्या गोठ्यात गवतावर बाळ ठेवतात. गावातलंच तान्हं लेकरू. पिएरीना म्हणली, बाळाखाली ही वाकळ अंथरू.

झालं. चोवीस डिसेंबरच्या रात्री त्या गोठ्यात आख्खं गाव आलं. गवतावर सत्यशीलाची वाकळ, वाकळेवर गोरंगोमटं लेकरू गाढ झोपलेलं. बाया वाकून वाकून टाके बघायच्या. बोटं फिरवायच्या. काहीतरी बोलायच्या, जीवभावानं. एक बाई मनिषापाशी आली. मनिषाचे दोन्ही हात धरले आन् जीवनकडं वळून विचारलं, "माम्मा?"

मनिषाला इटलीची भाषा येत न्हाई. पण हा शब्द कुणाला कळणार न्हाई?

ती जीवनकडं बघायला लागली. वाटलं, हो म्हणंल. एवढ्या दूर, एवढ्या अनोळखी लोकांत, एकदा हो म्हणला तर त्याचं काय जाणार हाय?

जीवन हसला आन् म्हणला, "नो, नो." आन् वाकळेकडं बोट केलं.

त्या बाईनं मनिषाचे हात सोडले.

देखावा संपला. लेकराला त्याच्या मायनं उचलून नेलं. जीवन पिएरीनाला घरी सोडायला निघाला, दत्तरावचा हात धरून. जाताना वाकळेची घडी मनिषाच्या हातात दिली. "मावशी, एवढी घेऊन या. हळू या, रस्ता निसरडा हाय."

चौकात चर्चपुढं मोठी होळी पेटवलेली होती. बाळाला ऊब मिळावी म्हणून पेटवतात म्हणे तिथं. उंच उंच ओंडके. लोक आता आत प्रार्थनेला गेले होते. घंटा वाजायली होती. आगीपाशी कुणीच न्हवतं.

मनिषा उभी राहिली. वाकळ छातीशी धरलेली. ती वाकळ ऊबदार होती, त्या लेकराच्या अंगाची ऊब होती तिच्यात. ती ऊब तिच्या अंगाला लागली आन् ती मला म्हणली, "आबामामा, तेवढीच मला सहन झाली न्हाई."

तिनं वाकळ आगीत टाकली.

घट्ट शिवलेली वाकळ लवकर पेट घेत न्हाई. आधी नुसती धुमसली. मग एक कड काळी झाली. आन् वास आला. कापडाचा न्हाई. केस जळाल्यावर येतो तसला वास. शिवताना बायांचे केस अडकतात टाक्यात, त्याचा असंल. मनिषानं नाकाला पदर लावला आन् निघाली.

घरी जाऊन सांगितलं, बाकड्यावर ठेवली होती, कुणी उचलली काय की. जीवन तसाच बॅटरी घेऊन बाहेर पडला. गोठे धुंडाळले, बाकडी बघितली. पहाटे आला. कपड्यांना बर्फ चिकटलेला. तसाच झोपला.

आन् मनिषा? तिनं दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा पोटभर खाल्लं. पानेत्तोनेचे दोन तुकडे. भाजलेले चेस्टनट. बाजारात फिरताना हसली बी. जीवननं त्या दिवशी आईचं नाव काढलं न्हाई. तिला वाटलं, आता ही जागा माझी.

दोन दिवसांनी ते निघाले. हैदराबादला विमान, तिथून रेल्वेनं परभणी, परभणीहून जीप. घरी आले.

आता ज्या रात्रीचं सांगायचंय ती रात्र. तीस डिसेंबर, दोन हजार चोवीस. सोमवार. सोमवती अमावस्या होती, आन् आपली रान पुजायची वेळ अमावस्या बी तीच. दुपारी दोघं रानात जाऊन आले, भज्जी-आंबिल घेऊन. पूजा केली. संध्याकाळी गारठा वाढला. तुमाला आठवत असंल, मागच्या साली त्या आठवड्यात काय थंडी पडली होती.

रानातली लाईट त्या हप्त्यात रातची होती. गव्हाला पाणी द्यायचं राहिलेलं. दत्तरावनं मफलर गुंडाळला, बॅटरी घेतली. "रानातल्या खोपीत, आखाड्यावरच झोपतो मी. सकाळी येतो. कडी लावून घे."

मनिषानं कडी लावली. दिवा घालवला. नवीन ब्लँकेट होतं, जाडजूड, सेलूहून आणलेलं. अंगावर घेतलं. डोळा लागला.

कडी वाजली.

हळू. एकदाच.

तिला वाटलं, दत्तराव आला. मोटार जळाली असंल, न्हाईतर लाईट गेली असंल. उठली. दार उघडलं.

अंगणात कुणी न्हाई. गेटला कुलूप तसंच. चांदणं न्हाई, अमावस्या ना. नुसता अंधार, आन् त्या अंधारातून गार हवा आत आली. तिच्या पायांवरून. जणू कुणी लुगड्याचा ओला काठ घासत गेलं.

तिनं दार लावलं. कडी घातली. परत येऊन पडली. भिंतीकडं तोंड करून.

थोडा वेळ काहीच न्हाई.

मग मागं पलंग दबला.

दत्तरावच्या बाजूला. हळूच. कुणी अंग टाकावं तसा.

तिला अर्धवट झोपेत वाटलं, हेच आले असतील. ती म्हणली, "झालं का पाणी देऊन?"



मग तिला आठवलं. कडी आपणच लावलीय. आतून.

...

वास आला. केस जळाल्याचा.

आन् आवाज. कट, कट, कट. लय बारीक. दात वाजायले होते कुणाचे तरी. थंडीनं.

मनिषाला ओरडायचं होतं. तोंड उघडंना. भिंतीवर नजर. भिंत बी दिसंना.

ब्लँकेट ओढलं गेलं. थोडंसं. हिसका न्हाई, भांडण न्हाई. घरातलं माणूस ओढतं तसं.

आन् बाईचा आवाज. अगदी कानामागं.

"सरक जरा. लय गारठलेय मी."

...

मनिषा सरकली.

ती मला म्हणली, "का सरकले ते माहीत न्हाई, मामा. पण सरकले." भिंतीला जाऊन टेकली. मागून गारवा आला, पाठीला लागला. माणूस पाठीला लागावं तसा.

दात वाजायलेच होते. कट, कट, कट.

मग आवाज परत आला. रागाचा न्हवता. रागाचा असता तर बरं झालं असतं, ती म्हणली. विचारपूस करावी तसा होता.

"जीवनला पोचली का माझी वाकळ?"

...

मनिषाच्या डोळ्यांतून पाणी यायलं. गालावर आलं की गार पडायचं.

"पोचली का गं?"

खोटं बोलायचं होतं तिला. पोचली म्हणायचं होतं. एवढंच म्हणलं असतं तर गेली असती कदाचित. पण त्या जवळिकीत, पाठीला अंग लागलेलं असताना, खोटं येईना.

"मी जाळली," ती म्हणली.

दात वाजायचे थांबले.

सगळं थांबलं. लांबवर कुत्रं ओरडायलं होतं, ते बी थांबलं.

...

...

मग अंथरुणातून एक हात आला. तिच्या अंगावरून. तिचा डावा हात धुंडाळत. सापडला. बोटांत बोटं घातली. घट्ट.

"मग तू ऊब दे."

पोरांनो, त्याच्या पुढचं मनिषाला सांगता आलं न्हाई. ती एवढंच म्हणली, तो हात सकाळपर्यंत सुटला न्हाई.

दत्तराव उजाडता आला. दार वाजवलं. लय वेळानं मनिषानं उजव्या हातानं कडी काढली. तोंड पांढरं फटक. आत पलंगावर तिच्या बाजूची गादी चुरगळलेली. दत्तरावच्या बाजूला ब्लँकेट नीट पसरलेलं, कुणी अंगावर घेऊन झोपलेलं असावं तसं फुगलेलं. दत्तराव जवळ गेला तसं ते हळूहळू बसलं.

मनिषानं उंबऱ्यात बसून सगळं सांगितलं. आगीचं बी सांगितलं. तिला वाटलं होतं दत्तराव हात उचलंल. न्हाई. तो आत गेला, मोबाईल घेऊन आला. मग जीवनला फोन लावला आन् मनिषाच्या हातात दिला. "तूच सांग त्याला."

तिनं सांगितलं. पलीकडं गाईंच्या गळ्यातल्या घंटा वाजायल्या होत्या. 

जीवन म्हणला, "मावशी, मला माहीत हाय. त्याच रात्री कळलं मला. राखेत शालूची जर सापडली."

"मग बोलला कामून न्हाईस?"

"बाबांचं घर परत मोडलं असतं."

आता मनिषाला रडू फुटलं. पहिल्यांदाच. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच, म्हणली. जीवननं तिला रडू दिलं. मग हळू आवाजात विचारलं, "मावशी... आईला लय थंडी वाजायली होती का?"

काय सांगावं माणसानं? ती म्हणली, "हो रे बाळा."

तिकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

त्यानंतर मनिषानं सत्यशीलाची उरलेली पातळं पेटीतून काढली. मधी स्वतःच्या लग्नातलं एक घातलं, दत्तरावला विचारून. चार महिने शिवत होती. डावा हात साथ देत न्हवता, सुई धरवत न्हवती, तरी शिवली. पुण्यातल्या एका ओळखीच्या पोराबरोबर धाडली. जीवनचा फोन आला. पोचली म्हणला. एवढंच म्हणला, पण मनिषाला तेवढं पुरलं. त्या रात्रीनंतर कडी वाजली न्हाई. वास आला न्हाई. दत्तराव तिला तिच्या नावानं हाक मारायला लागला. सगळ्यांना वाटलं, झालं, मिटलं.

मलाबी तसंच वाटलं होतं.

मे महिन्यात मी पाथरीहून येताना त्यायच्याकडं उतरलो. दुपारची वेळ. आपल्याकडचा मे तुमाला काय सांगायचा, डांबर चपलेला चिकटत होतं. ओसरीत बसलो. दत्तराव आत झोपलेला. मनिषा पाणी घेऊन आली, पितळी तांब्या भरून. म्हणली, "मामा, माठ फुटलाय. टाकीतलं पाणी हाय, कोमट लागंल. भागवून घ्या."

तांब्या तिनं डाव्या हातात धरला होता. एकाच हातात. उजव्या हातात गुळाची वाटी होती.

मी तांब्या गळ्याला धरून पाणी प्यालो. माझ्या दाढा ठणकल्या. एवढं गार.

मी तिच्याकडं बघितलं. तिनं डावा हात पदरात घेतला. मी तांब्या खाली ठेवला. बाहेरून त्याला दव धरलं होतं, पांढरं, दाट. तिची बोटं जिथं होती तिथं दव पुसलेलं. चार बोटांच्या खुणा. ते ठीक हाय.

मी तांब्या फिरवला.

पलीकडच्या अंगाला बी चार बोटं होती. लांब, बारीक. समोरून कुणी धरावा तशी.